शब्दविच्छेद, इंग्रजी

इंग्रजीतील दीर्घ शब्दाचे घटकांत पृथक्करण करण्याची क्रिया. हे पृथक्करण दोन तत्त्वांवर केले जाते : उच्चार आणि अर्थ. एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहास अक्षर व अर्थयुक्त अशा लघुतम घटकास पदिम म्हणतात. अक्षरे पाडल्याने उच्चार सुकर होतो. पदिम वेगळे केल्याने अर्थ उलगडतो. या दोन विभागण्यांच्या सीमा पुष्कळदा जुळत नाहीत.

इंग्रजीतील अतिदीर्घ शब्द बहुधा ग्रीक व लॅटिन घटकांपासून बनलेले असतात. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ हा ४५ रोमन वर्णांचा व १९ अक्षरांचा शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतील नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट एम. स्मिथ यांनी मुद्दाम घडविला. न्यूमोनो (फुफ्फुस), अल्ट्रा (पलीकडे), मायक्रो (सूक्ष्म), स्कोपिक (पाहण्यासंबंधी), सिलिको (सिलिका), व्होल्कॅनो (ज्वालामुखी), कोनि (धूळ) आणि ओसिस (विकार) असे त्याचे घटक पडतात. ज्वालामुखीतील अतिसूक्ष्म सिलिकामय धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुफ्फुसाचा विकार, असा अर्थ त्यांवरून निष्पन्न होतो. वैद्यकात अशा विकारासाठी ‘सिलिकोसिस’ हा सुटसुटीत शब्द रूढ आहे.

केवळ घटक ओळखणे पुरेसे नसते. समासविग्रहात पदांचा परस्परसंबंध सांगावा लागतो, तसा येथे घटकांच्या जोडणीचा क्रमही पाहावा लागतो. ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटॅरिअनिझम’ या २८ वर्णांच्या शब्दात ‘डिस’ हा उपसर्ग प्रथम ‘एस्टॅब्लिश’ (प्रस्थापित करणे) या क्रियापदास लागतो आणि चर्चची राज्यमान्यता काढून घेणे हा अर्थ येतो. पुढे ‘मेंट’ने त्या क्रियेचे नाम, ‘एरिअन’ने तिचा पुरस्कर्ता व ‘इझम’ने त्याचे मत सूचित होते. ‘अँटि’ (विरोधी) हा उपसर्ग या सर्वांस व्यापतो. आयर्लंडमधील चर्चची राज्यमान्यता १८६९ च्या अधिनियमाने काढून घेण्यात आली. अशा धोरणास असलेला विरोध या शब्दाने व्यक्त होतो.

वैद्यकीय परिभाषेत चुकीच्या विच्छेदाचे परिणाम गंभीर होऊ शकतात. ‘गॅस्ट्रेक्टमी’, ‘गॅस्ट्रॉस्टमी’ व ‘गॅस्ट्रॉटमी’ हे शब्द ऐकण्यास जवळजवळ सारखे वाटतात. उच्चारात ‘गॅस्-ट्रेक्-ट-मी’ अशी अक्षरे पडतात. अर्थाची सीमा मात्र ‘गॅस्ट्र’ (जठर) या घटकानंतर, म्हणजे दुसऱ्या अक्षराच्या मध्येच येते. जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे, जठरास बाहेर उघडणारे छिद्र पाडणे आणि जठरास छेद देणे अशा तीन भिन्न शस्त्रक्रिया त्यांनी अनुक्रमे दर्शविल्या जातात.

कधीकधी चुकीचा विच्छेदच रूढ होतो. ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाचे मूळ घटक ‘हेलिको’ (मळसूत्राकार) व ‘प्टर’ (पंख) असे आहेत. तथापि बोलणाऱ्यांनी तो ‘हेलि’ व ‘कॉप्टर’ असा तोडला आणि त्यातूनच ‘हेलिपॅड’, ‘हेलिपोर्ट’ यांसारखे शब्द तयार झाले.

मुद्रणात ओळीच्या अखेरीस शब्द तोडताना अमेरिकन परंपरेत उच्चारास, तर ब्रिटिश परंपरेत व्युत्पत्तीस अधिक महत्त्व दिले जाते. संगणकीय अक्षरजुळणीसाठी फ्रँक्लिन लिआंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९८३ च्या प्रबंधात वर्णक्रमांच्या नमुन्यांवर आधारलेली पद्धत मांडली. डॉनल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या प्रणालीत ती वापरली जाते. या पद्धतीने शब्द कोठे तोडता येईल हे ठरते. शब्दाच्या अर्थासाठी मात्र पदिमांचाच आधार घ्यावा लागतो.