20 मीटरच्या अँटेनावर 40 मीटरचा बँड कसा मिळवाल?

हॅम मंडळी, पाठपिशवीतल्या संचात फक्त 20 मीटरचा डायपोल असेल, तर थोड्या वायरीत 40 मीटरचा बँडही जोडता येतो. दिवसा 20 मीटरवर दूरचे देश मिळतात, पण दोन-तीनशे किलोमीटरवरचे स्टेशन अनेकदा सुटते. तिथे 40 मीटर कामी येतो. डायपोल फार उंच नसेल तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनमंडलावरून परतून आसपासचा प्रदेश व्यापतात.

🔹 लांबीचे गणित: 71 ला मेगाहर्ट्झने भागा, एका बाजूची लांबी मीटरमध्ये मिळते. 14.15 साठी सुमारे 5 मीटर, 7.1 साठी 10 मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला आणखी 5 मीटर वायर.

🔹 जोडणी: जुन्या टोकाला प्लास्टिकचा इन्सुलेटर, त्यापुढे नवी वायर, मध्ये बुलेट कनेक्टर. कनेक्टर उघडा ठेवला की 20, जोडला की 40. ताण इन्सुलेटरवर यावा, कनेक्टरवर नाही.

🔹 ट्यूनिंग: वायर थोडी लांबच कापा. आधी कनेक्टर उघडे ठेवून 20 मीटर जुळवा, मग जोडून 40. दोन्ही बाजू सारख्याच छाटा.

🔹 वरकड लाभ: 40 मीटरचा डायपोल तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे 15 मीटरवरही बहुधा चालतो.

विजेच्या तारांपासून लांब राहा आणि प्रक्षेपण परवान्याच्या मर्यादेतच करा. तुमच्या संचात कोणते बँड आहेत? जरूर सांगा. 73!