सुरू होते, लगेच बंद पडते

गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडली की बरेच जण बॅटरीला दोष देतात. पण इंजिन पेटलं, म्हणजे बॅटरीने आपलं काम केलेलं असतं. आधी डॅशबोर्ड बघा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर बहुधा इमोबिलायझरने चावीतली चिप ओळखलेली नाही आणि इंधन तोडलंय. दुसरी चावी लावून बघा.

चिन्ह नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हलकासा दाबा. तेवढ्यावर इंजिन टिकलं, तर संशय हवेच्या वाटेवर. पाय काढल्यावर पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे घेतं आणि थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. उरलेल्या बारीक वाटेत काजळीचा काळा, चिकट थर बसला की इंजिन गुदमरतं. ही साफसफाई स्वस्तात होते, म्हणून महागडे सेन्सर बदलण्याआधी तिचाच आग्रह धरा.

तरीही बंद पडतेय? चावी नुसती ऑन करा आणि मागच्या सीटपाशी कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंपाची क्षणभर घरघर येते. ती आली नाही, तर फ्यूज, रिले आणि मग पंप, या क्रमाने तपासायला सांगा.