मडकं वाजवून पाहावं तशी

वारजे माळवाडीतल्या एका गाळ्यात मित्राने व्हाइसमध्ये एक मोटर आवळली होती. "शाफ्ट हाताने हळूहळू फिरव," तो म्हणाला. मोटरमधून बारीक शिट्टी येत होती आणि ऑसिलोस्कोपवरची करंटची रेघ फुगत होती, ओसरत होती. एका फेऱ्यात आठ वेळा फुगली.

चुंबकाच्या रोटरची मोटर चालवायची, तर ते चुंबक या क्षणी कुठे तोंड करून आहे, हे कंट्रोलरला कळावं लागतं. स्कूटरच्या मोटरमध्ये ते बहुधा तीन हॉल सेन्सर सांगतात. पण ते मोटरच्या पोटात तापत असतात, त्यांच्या वायरी नाजूक, कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरतं. एक सेन्सर गेला, की गाडी हिसके देते. म्हणून मित्राला सेन्सर नकोच आहेत. फेजच्या तीन जाड वायरींवरूनच रोटरची जागा ओळखायची आहे.

मोटर वेगात असली की हे जमतं. फिरणारं चुंबक वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार करतं, तोच बॅक ईएमएफ. या मोटरला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३० व्होल्ट मिळतात, ३० फेऱ्यांवर फक्त ०.३. कंट्रोलरमधल्या मॉस्फेटवर पडणारं व्होल्टेज आणि तापलेल्या तांब्याचा वाढलेला रोध, एवढ्यातच ते बुडून जातं. थांबलेली मोटर तर मुकीच.

घरचा बीएलडीसी पंखा यातून निभावतो, कारण सुरुवातीला पात्यांना जोर लागत नाही. कंट्रोलर रोटरला एका जागी ओढून घेतो आणि अंदाजानेच वेग वाढवत नेतो. म्हणूनच काही पंखे सुरू होताना आधी थोडे उलटे हलतात. चांदणी चौकाकडच्या चढावर डबलसीट थांबलेल्या स्कूटरला असं मागे सरकून चालत नाही.

मग मुकीला बोलतं करायचं. उन्हाळ्यात माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो, तसंच. विस्कॉन्सिनच्या जॅन्सन आणि लॉरेंझ यांनी १९९५ मध्ये या वाटेने जाणारा महत्त्वाचा लेख लिहिला. मित्राचा कंट्रोलर सेकंदाला १००० वेळा छोटं, उलटसुलट व्होल्टेज देतो, शिट्टी त्याचीच. चुंबकं रोटरच्या लोखंडात पुरलेली असली, की त्यांच्या दिशेने करंट सहज चढतो, आडव्या दिशेने कमी. आठ ध्रुव, म्हणून आठ फुगवटे.

पण उत्तर आणि दक्षिण ध्रुव सारखेच वाजतात. तिथे चूक झाली, तर गाडी उलटी जाईल. त्यासाठी सुरुवातीला दोन जोरदार झटके द्यायचे, एक या बाजूने, एक त्या. चुंबकाला साथ देणाऱ्या झटक्यात चुंबकत्वाने आधीच भरलेलं लोखंड आणखी भरतं आणि करंट किंचित जास्त चढतो. तो किंचितपणा पकडायचा.

मग मर्यादा कमी ठेवून त्याने करंट सोडला. थांबलेला शाफ्ट हिसका न देता माझ्या मुठीला रेटू लागला. मला आनंद झाला, पण तो वहीत लिहीत होता. भार वाढला, की लोखंड भरून फुगवट्याची जागा सरकते आणि ओळखलेला कोन चुकतो. पडताळणीपुरता मागे लावलेला, खरा कोन मोजणारा एन्कोडर ती चूक दाखवतो. प्रत्येक करंटसमोर ती अंशांत लिहायची. कंट्रोलर पुढे तेवढी वजा करेल.

पान अर्धं भरलं होतं. "आता वीस अँपिअर," तो म्हणाला. मी हात काढून घेतला. पुन्हा शिट्टी सुरू झाली.