आपल्या दप्तराची किल्ली

धान्य आपले, कणगी आपली, पण कुलपाची किल्ली मात्र परक्याच्या कमरेला, अशा संसाराला कोणी सुखाचा म्हणेल काय? तरीही आपली पत्रे, हिशेब, मुलांचे निकाल आणि घरची छायाचित्रे आज आपण अशाच कुलपात ठेवीत आहोत.

माझाच अनुभव सांगतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. बोथ इकडेच राहिले. त्यामुळे येथे मराठी लिखाण जपणे हे ज्याचे त्याचे काम. मी पंधरा वर्षांच्या मराठी प्रश्नपत्रिका एका संगणकावर जपल्या होत्या. तो बिघडला. नव्या यंत्रावर त्या उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

कारण साधे होते. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या चित्रामागे इंग्रजी अक्षराचाच अंक दडलेला असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्टचा परवानाही एकाच यंत्रापुरता. यंत्र गेले आणि माझेच लिखाण मला वाचता येईना. युनिकोड या जागतिक संकेतात मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा अंक आहे, आणि तो संकेत सर्वांना खुला आहे.

खुलेपणाचे मोल येथे कळते. संगणकाची आज्ञावली ही एक पाककृतीच होय. कित्येक कंपन्या तयार पदार्थ देतात, कृती देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि शेजाऱ्याला देण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, हा त्यांचा आग्रह. १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि या दोहोंच्या मेळातून खुली संगणक-प्रणाली उभी राहिली.

याचा लाभ दूरदेशीच्या लोकांनाच होतो असे नव्हे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावी गोंडी लिपीतील जुनी हस्तलिखिते मिळाली. २०१८ साली त्या गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान लाभले. आज तिचा ‘नोटो’ फॉन्ट विनामूल्य मिळतो. तो गूगलसारख्या बड्या कंपनीचा खरा. परंतु परवाना खुला असल्यामुळे कोणीही तो घ्यावा, सुधारावा, वाटावा. केरळात २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ योजना निघाली. पुढे तेथील शाळा खुल्या आज्ञावलींकडे वळल्या, आणि शिक्षकांनीच शिक्षकांना शिकविले.

आपण आरंभ लहान करावा. प्रथम जुने लिखाण युनिकोडमध्ये आणावे. मग लिब्रेऑफिसमध्ये काम करून पाहावे. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. अशी यंत्रे भंगारात घालण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते काय, हे पाहावे. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ धडे मराठीतही आहेत. सराव झाला म्हणजे शाळेतील एका यंत्रावर नेक्स्टक्लाउड बसवून सामायिक दप्तर आपले आपणच सांभाळता येते.

मात्र किल्लीबरोबर राखणही आपल्याकडे येते, हे विसरू नये. वीज जाते, हार्ड डिस्क बिघडते, आणि तक्रार करावी असा दुसरा कोणी नसतो. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या प्रती ठेवाव्या, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत. अशी राखण करणारा माणूस जेथे नसेल, तेथे घाई करू नये; कागदपत्रे खुल्या स्वरूपात ठेवली तरी निम्मे काम झाले.

माझ्या प्रश्नपत्रिका परत मिळाल्या. जोडाक्षरे मात्र अजून एकेक करून दुरुस्त करीत आहे. आपण एवढे करा. आपले महत्त्वाचे लिखाण आजच दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून पाहा. ते वाचता आले, तर किल्ली आपल्याकडे आहे.