व्याख्या कोणाची, तुलना कशासाठी?

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. बहुतेक मुले-मुली स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, काही बारावीची. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत आता निबंध लिहावा लागतो, म्हणून पालकांनीच आग्रह धरला की, सर, पोरांकडून लिहून घ्या. मी विषय दिला, 'गुलामगिरी आणि अस्पृश्यता : साम्य व भेद'. तासाभराने कागद गोळा केले आणि घरी येऊन वाचत बसलो. बावीसपैकी एकोणीस कागदांवर मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे गुलामगिरी, उजवीकडे अस्पृश्यता. डावीकडे 'अमेरिकेत होती', उजवीकडे 'भारतात होती'. डावीकडे 'लिंकनने नष्ट केली', उजवीकडे 'कलम 17 ने नष्ट झाली'. आणि खाली जवळजवळ सगळ्यांचे एकच वाक्य, अशा प्रकारे दोन्ही प्रथा मानवतेला कलंक आहेत.

पुढच्या रविवारी मी कागद परत केले आणि म्हणालो, हा निबंध नाही, हा तक्ता आहे. तेव्हा मागे बसलेली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण दोन्ही वाईटच होत्या ना? मग फरक लिहून मिळणार काय?"

प्रश्न बिनतोड होता. वर्गात मी थातूरमातूर उत्तर दिले. खरे उत्तर इथे लिहितो आहे.

दोष मुलांचा नाही. 'फरक स्पष्ट करा' म्हटले की चार गुणांना चार मुद्दे, 'व्याख्या लिहा' म्हटले की गाईडमधली दोन वाक्ये जशीच्या तशी. ती व्याख्या कोणी केली, कोणाच्या सोयीने केली, तिच्यातून कोण बाहेर राहिले, हे शाळेत कोणी विचारत नाही. इतरांच्या मुलांना हे परवडत असेल, आपल्या मुलांना परवडत नाही. कारण आपल्याला हजारो वर्षे ज्या बेडीत ठेवले ती बेडी लोखंडाची कमी आणि व्याख्यांची जास्त होती. शूद्र कोण, त्याचे कर्म काय, पवित्र काय, अपवित्र काय, ही सगळी मनूची व्याख्याबाजीच आहे. आणि त्या व्याख्या खोडून काढण्याचे काम ज्या महामानवाने केले तो स्वतः व्याख्या आणि तुलना लिहिण्यात किती निष्णात होता, याकडे आपण जयंतीच्या डीजेच्या आवाजात लक्षच दिले नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना त्यांनी केली, ती महाराष्ट्र शासनाने 1989 साली काढलेल्या पाचव्या खंडात आहे. ते 'दोन्ही वाईट' इथे थांबत नाहीत. किंबहुना तिथून सुरुवात करतात. रोममधला गुलाम काय काय कामे करू शकत होता, शिकू शकत होता का, हे ते तपासतात. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून तो जगावा, धडधाकट राहावा यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्य कोणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तो उपाशी मेला तरी कोणाचे नुकसान नाही. गुलाम ठेवायला कायद्याची परवानगी होती, सक्ती नव्हती. अस्पृश्यता पाळणे ही मात्र हिंदूला धर्माची आज्ञा. गुलामाला मालक मुक्त करू शकत होता. अस्पृश्याला मुक्त करण्याचा अधिकार कोणत्याही एका माणसाच्या हातात नव्हताच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुलामगिरी उघड असते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते. अस्पृश्यता ही न दिसणारी गुलामी आहे.

यातून मिळते काय? उपाय मिळतो. रोग एकच आहे असे मानले तर औषधही एकच मानावे लागते. गुलामगिरी कायद्याने उठवता येते, कारण ती कायद्यानेच टिकलेली असते. जी गोष्ट धर्माज्ञेने टिकली आहे ती एकट्या कायद्याने कशी जाईल? फरक नीट लिहिला नसता तर 1936 साली 'जातिनिर्मूलन' मध्ये शास्त्रांच्या प्रामाण्यालाच हात घालण्याचे कारणही सापडले नसते. आणि फरक दाखवणे म्हणजे दुसऱ्याचे दुःख हलके करणे नव्हे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. साम्य त्यांनी अर्पणपत्रिकेत सांगितले आणि इथल्या दास्याचे वेगळेपण पुस्तकात.

तुलनेतली दुसरी गोष्ट म्हणजे माप. दोन माणसे शेजारी उभी केली म्हणजे तुलना होत नाही, मोजायची पट्टी आधी दाखवावी लागते. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात गोखले स्मारक सभागृहात रानड्यांच्या 101 व्या जयंतीनिमित्त बाबासाहेब बोलले. 'रानडे, गांधी आणि जिना' या नावाने ते भाषण प्रसिद्ध आहे. दुसरा कोणी असता तर सरळ रानड्यांच्या गुणगौरवाला लागला असता. बाबासाहेबांनी आधी विचारले की, महापुरुष म्हणायचे कोणाला? प्रामाणिकपणा हवा, बुद्धी हवी, पण एवढ्याने माणूस नामवंत होतो, महापुरुष होत नाही. त्याच्यामागे समाजहिताची प्रेरणा हवी आणि समाजातली घाण साफ करण्याची तयारी हवी. ही पट्टी सर्वांसमोर ठेवल्यावर मग त्यांनी रानड्यांना मोजले आणि गांधी-जिनांना शेजारी उभे केले. ज्याला निष्कर्ष पटत नाही त्याने पट्टी खोटी आहे हे दाखवावे, नुसती आरडाओरड करून भागत नाही.

याउलट आपल्याकडची नेहमीची तुलना बघा. 'गांधी आणि आंबेडकर, दोघेही थोर, मार्ग वेगळे पण ध्येय एक, दोघे परस्परांना पूरक.' पट्टी कुठे आहे? पुणे करार कुठे आहे? हे समन्वयवाले निबंध समरसतेच्या दुकानात चांगले खपतात, पण त्याला तुलना म्हणत नाहीत, त्याला गुळगुळीत करणे म्हणतात.

आपल्या लोकांचाही कान धरला पाहिजे. आपले काही वक्ते 'बुद्ध की मार्क्स' या विषयावर बोलायला उभे राहतात आणि मार्क्सला दोन शिव्या घालून खाली बसतात. बाबासाहेबांनी असे केले नाही. या तुलनेला लोक हसतील, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. बुद्ध आणि मार्क्स यांच्या जन्मात 2381 वर्षांचे अंतर आहे, हेही मोजून सांगितले. मग बुद्धाची शिकवण मुद्द्यांनी मांडली, मार्क्सची मांडली, मार्क्सचे काळाच्या कसोटीवर काय गळून पडले आणि काय उरले हे निवडले. उरलेले थोडे असले तरी ते मोलाचे आहे, हे मोकळेपणाने कबूल केले. शोषण आणि खाजगी मालमत्ता यांच्याविषयी दोघे कुठे जवळ येतात, तेही दाखवले, भिक्खू संघाच्या नियमांचा दाखला देऊन. आणि एवढे सगळे दिल्यावर मग साधनांच्या प्रश्नावर, हिंसा आणि हुकूमशाही यांच्यावर, वाट वेगळी केली. प्रतिपक्षाला त्याचे पूर्ण माप देऊन केलेली तुलना कोणाच्या बापाला मोडता येत नाही.

आता व्याख्येकडे. 9 मे 1916. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांचा एक तरुण 'भारतातील जाती' हा निबंध वाचतो. त्याच्यापुढे जातीच्या चार व्याख्या आहेत. फ्रेंच पंडित सेनार यांची, नेसफिल्डची, सर हर्बर्ट रिस्लेची आणि आपल्या महाराष्ट्राच्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची, म्हणजे ज्यांनी पुढे ज्ञानकोश केला त्यांची. गाईडवाला विद्यार्थी चारही व्याख्या ओळीने लिहून मोकळा झाला असता. या तरुणाने एकेक हातात घेऊन वाजवून पाहिली. सेनार म्हणतात विटाळ. पण विटाळाची कल्पना पुरोहितांच्या कर्मकांडातून येते, ती जातीपुरतीच नाही, म्हणून ती जातीची खूण होऊ शकत नाही. नेसफिल्ड म्हणतात रोटीबंदी. हा तर जातीचा परिणाम, त्याला कारण कसे म्हणायचे? रिस्लेकडे नवे काही नाही. केतकर दोन लक्षणे सांगतात, बेटीबंदी आणि जन्माने सभासदत्व. केतकरांना त्यांनी मान दिला, पण म्हणाले की ही दोन नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायला बंदी घातली की आत जन्मलेलाच सभासद राहणार. आणि चौघांची मिळून एक चूक अशी की, जात ही सुटी वस्तू समजून त्यांनी तिची व्याख्या केली. एकटी जात असूच शकत नाही, ती व्यवस्थेतच असते.

सगळे गाळून हातात एकच गोष्ट उरली, जातीअंतर्गत विवाह. पण लगेच शंका येते की, अमेरिकेत गोरे, काळे, आदिवासी हेही आपापसातच लग्ने करतात, मग तिथे जात का नाही? ही शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली आणि भारताची परिस्थिती कशी वेगळी आहे ते सांगितले. इथे बाहेर लग्न करण्याची जुनी चाल होती, तिच्यावर आतल्या लग्नाचे बंधन लादले गेले. बघा, व्याख्या पक्की करायला तुलना लागली. आणि त्या एका खुणेतून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्हींचा उलगडा झाला. जात टिकवायची तर बाईला कोंडावे लागते, हे शंभरावर वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने निबंधात सिद्ध केले. व्याख्या अशी असते. तिच्यातून पुढचे दिसते.

व्याख्येवर माणसांची संख्याही ठरते. 1932 साली मताधिकारासाठी लोथियन समिती बसली, बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्य किती, हा प्रश्न निघाला आणि उत्तरेकडच्या प्रांतांतून एकदम आवाज उठला की, आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. कालपर्यंत लाखोंनी असणारी माणसे गेली कुठे? कुठेच नाही, फक्त व्याख्या आवळली गेली. प्रत्यक्ष शिवल्यावर जो आंघोळ करायला लावतो तोच अस्पृश्य, एवढाच शब्दशः अर्थ धरायचा, मग आकडा आपोआप आटतो. बाबासाहेबांनी वेगळी टिपणी जोडून सांगितले की, प्रत्यक्ष स्पर्शाचा विटाळ आणि मनातला विटाळ यांत फरक करा आणि कसोटी मनातल्या विटाळाची लावा. आकड्यावर जागा ठरणार होत्या. ही शब्दांची कसरत नव्हती.

कधी व्याख्या न करणे हेही शहाणपण असते. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत अस्पृश्यताबंदीचे कलम आले. नझिरुद्दीन अहमद यांनी ते धर्म आणि जात यांच्यापुरते बांधून घेणारी दुरुस्ती सुचवली. के. टी. शहा यांनी विचारले की या शब्दाची व्याख्याच नाही, उद्या रजस्वला स्त्रीला बाजूला बसवणेही यात येईल. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. शब्द अवतरणचिन्हांत तसाच राहिला. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांवरूनच अर्थ लावला की, इथे इतिहासात वाढलेली प्रथा अभिप्रेत आहे. आणि गंमत अशी की शहांना ज्याची धास्ती होती तेच 2018 च्या शबरीमला निकालात एका न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात मान्य केले. कुंपण घातले असते तर ही वाट बंद झाली असती, असे माझे मत आहे. वकील मंडळींनी हवे तर वाद घालावा.

'गुणवत्ता' हा शब्द बघा. आरक्षणाच्या विरोधात आयुष्यभर हा शब्द फेकून मारणाऱ्यांनी त्याची व्याख्या कधी केली नाही. जानेवारी 2022 मध्ये वैद्यकीय प्रवेशातील ओबीसी आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. आपल्या मुलांनी यावर निबंध लिहायला हवेत, घोषणा पुष्कळ झाल्या.

पण मला जी व्याख्या रात्री झोपू देत नाही ती दुसरीच आहे. 1993 च्या कायद्याने हाताने मैला वाहून नेण्यास बंदी घातली. 2013 च्या कायद्याने व्याख्या रुंदावली, उघडी गटारे, खड्डे, रेल्वे रूळ त्यात आले. पण त्याच व्याख्येला एक शेपूट जोडले. केंद्र सरकारने ठरवून दिलेली उपकरणे आणि संरक्षक साहित्य वापरून जो मैला साफ करतो, त्याला मैला साफ करणारा समजू नये. आणि बंद गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरणे हे 'धोकादायक सफाई' म्हणून वेगळ्या रकान्यात टाकले. रेघ मधोमध मारली! जुलै 2021 मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला साफ करण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. खोटे बोलले का? व्याख्येप्रमाणे खरेच बोलले. मेलेली माणसे दुसऱ्या रकान्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूला 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 साली ती 30 लाख केली. पैसे वाढले, व्याख्या तिथेच आहे.

म्हणून गेल्या रविवारी मी नवा विषय दिला, 'मैला साफ करणारा कोणाला म्हणावे?' कायद्याचे कलम फळ्यावर मराठीत लिहिले, पट्ट्या काढून घेतल्या आणि सांगितले की, रेघ मारायची नाही. फरकाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पहिल्यांदा अडीच पाने लिहिली. तिच्या शेजारचा एक मुलगा मात्र बराच वेळ पेन तोंडात धरून बसला होता. त्याचे वडील कंत्राटदाराकडे गटाराच्या कामावर आहेत. शेवटी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, बाबांना बूट दिलेत, पण ते फाटलेत. मग बाबा या व्याख्येच्या आत की बाहेर?"

मी त्याला म्हटले, हेच पहिले वाक्य लिही. तो जाऊन बसला आणि लिहायला लागला.