कानात नाडी वाजते तेव्हा

शिरूर अनंतपाळसारख्या गावात रात्री लाइट गेली, पंखा थांबला की घर एकदम गप्प होतं. नेमका तेव्हाच काहींना एका कानात ‘फुस्‌ फुस्‌’ आवाज येऊ लागतो. वय झालं, मळ साचला म्हणत कानात तेल सोडलं जातं. त्याआधी मनगटावर बोट ठेवून पाहावं. आवाज नाडीच्या ठोक्यागणिक येत असेल, तर बहुधा रक्तच वाजतंय.

एरवी रक्त बिनआवाज वाहतं. वाट अरुंद झाली किंवा वेग वाढला की त्यात भोवरे उठतात. शेतातल्या पाइपलाइनचा वॉल्व्ह अर्धाच उघडला तर तो सूं करतो, तसंच हे. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर कानामागच्या हाडालगतच उतरते; तिथला आवाज आतल्या कानाला सहज पोचतो.

कारण कधी साधं असतं. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलं की रक्त जोरानं धावतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून रक्ताची तपासणी आधी.

कधी मात्र मेंदूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाते. याला ड्यूरल फिस्टुला म्हणतात. मधल्या केशवाहिन्या टळतात आणि धमनीचा दाब सरळ शिरेवर येतो. रक्त उलटं मेंदूच्या शिरांत शिरू लागलं तर रक्तस्रावाची भीती असते. तसं नसेल तर काहींना नुसतं लक्ष ठेवूनही भागतं.

डॉक्टरांना कानामागे स्टेथोस्कोप लावून हा आवाज कधीकधी स्वतःलाही ऐकू येतो. पुढे एमआरआय, सीटी आणि पक्क्या निदानासाठी अँजिओग्राफी. मेंदूची अँजिओग्राफी लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी १९२७मध्ये प्रथम केली. आज जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट फिस्टुलापर्यंत नेतात आणि ऑनिक्स नावाचा द्रव सोडतात. रक्तात मिसळताच तो घट्ट होतो, चुकीची वाट बुजते. शीरच अरुंद असेल तर निवडक रुग्णांत स्टेंट बसवतात. पक्षाघाताचा थोडा धोका दोन्हींत असतो, म्हणून हे काम अनुभवी न्यूरो केंद्रातच करावं.

सुरुवात लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात करता येते. आवाजासोबत अचानक असह्य डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा हातापायात कमजोरी आली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.