जुन्या संगणकावर लिनक्स : अडथळ्याचे कारण कसे शोधावे

सोमेश्वरनगर परिसरात गाळप हंगामासाठी ऊसतोड कुटुंबे येतात. अशा घरांतील मुलांच्या हाती पहिला संगणक येतो तो बहुधा कुणी वापरून दिलेला. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि धडधाकट यंत्रेही भंगारात निघू लागली. त्यांवर लिनक्स चालते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा प्रसिद्ध केला. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरबंदी होती, त्या आम्हांला या परवान्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

स्थापना मध्येच अडली की ‘संगणकच खराब’ असा निवाडा घाईने दिला जातो. प्रतीत्यसमुत्पाद शिकविणाऱ्यांना तो शोभत नाही. कारण शोधावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

प्रथम प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हे पाहावे. डेबियन १३ मध्ये ३२ बिट यंत्रांसाठी स्थापनेची सोय उरलेली नाही. तेथे डेबियन १२ घ्यावी. स्थापना दर वेळी एकाच टप्प्यावर थांबत असेल तर संशय पेनड्राइव्हवर किंवा उतरवून घेतलेल्या फाइलवर घ्यावा व तिचा चेकसम जुळवावा. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल तर बहुधा रॅम दोषी. वीज तोडून पट्टी काढावी, तिची टोके खोडरबराने हलकेच पुसावीत, मग मेमटेस्ट चालवावी. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द (इंग्रजी अक्षरांत) जोडून पाहावा.

सर्वांत फसवा दोष तारखेचा. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग इंटरनेट चालू असूनही संगणक सर्व्हरची प्रमाणपत्रे नाकारतो, कारण त्याच्या लेखी ती अजून लागूच झालेली नसतात. दोष जाळ्यात शोधला जातो, आणि तो असतो किरकोळ किमतीच्या बॅटरीत! इतिहासाच्या शिक्षकाला हा दोष विशेष जवळचा.

रॅम एक-दोन जीबीच असेल तर एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. पुढील पाठ मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनासह मिळतात. शेवटी मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक जोडावा, म्हणजे मूल आपले नाव देवनागरीत टंकू शकेल.